साहेबांचं रीळ

साहेबांनी गळाच्या रिळाचं हँडल गरकन फिरवलं आणि अंगठा झटकन मागे घेतला.

रीळ आता चांगलंच पळत होतं. आधी हँडलच्या एका फेऱ्यात फिरकी दोनदा फिरायची, आता चारदा. त्यासाठी नंदकुमारने आठवडाभर खपून नवे गियर पाडले होते. मोठं चाक आणखी मोठं, छोटं आणखी छोटं. मोठं चाक जुन्या पितळी डब्यात मावेना, म्हणून डब्याची एक बाजू कापली. तिथून दात बाहेर आले होते. मासा ओढायला लागला की फिरकीवर अंगठा दाबून तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, आवरायची असते. तो अंगठा आणि ते दात यांच्यात अर्धा इंच.

नंदकुमार रबाळ्याच्या पत्र्याच्या कारखान्यात फिटर. रीळ मालकांचं. मालकांना सगळे साहेब म्हणत. त्यांच्या वडिलांना कुठल्याशा गोऱ्या कप्तानाने मुंबई सोडताना ते दिलेलं. रविवारी वाशीच्या खाडीवर क्लबची गळाची स्पर्धा होती. गेल्या वर्षी पाच किलोचा जिताडा पुलाच्या खांबाकडे पळाला, खांबावरच्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी तंगूस कापली, आणि साहेब वर्षभर तेच सांगत राहिले. मासा खांबाला पोचायच्या आत ओढला गेला पाहिजे. वेग वाढव, रविवारच्या आत दे, बाकी नखरे नकोत, असं त्यांनी बजावलं होतं.

वेग वाढव, बाकी नखरे नकोत. नंदकुमारने हे आधीही ऐकलं होतं. ब्याण्णव साली मोठी ऑर्डर आली तेव्हा पाच नंबरच्या प्रेसच्या मोटरला मोठी पुली बसवायला त्यांनीच सांगितलं. मिनिटाला चाळीस ठोके पडायचे, ते साठ झाले. पुढे जाळी लावू का, असं नंदकुमारने विचारलं होतं. जाळीने हात अडतो, माल कमी पडतो, लक्ष दिलं तर काही होत नाही, असं उत्तर मिळालं. बाविसाव्या दिवशी त्या प्रेसखाली पुतळा नावाच्या कामगार बाईच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौकशी झाली. कागदावर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं टाइप झालं आणि खाली साक्षीदार म्हणून नंदकुमारची सही. न वाचता केली असं तो लोकांना सांगायचा. वाचूनच केली होती. नोकरी प्यारी होती, दुसरं काय.

पुतळा घणसोली गावातली. तिच्याच घराच्या माडीवर नंदकुमार भाड्याने राहायचा. रोज संध्याकाळी जिना चढताना तिच्या दारावरून जावं लागे. मंगळवारी लेबर कोर्टात तिच्या केसची तारीख होती, आणि कंपनीच्या वकिलाने त्याच्याकडून दोन वाक्यं घोटून घेतली होती. पुली पहिल्यापासून तीच आहे. त्या प्रेसला जाळी बसतच नाही. त्याला राहवेना. शुक्रवारी तो तिच्या ओट्यावर जाऊन बसला आणि मावशी, मंगळवारी मी काय बोलू, असं तिलाच विचारलं. लाज सोडून. ती डाव्या हाताने तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मना नको इचारू. मना आता बोटांवर मोजाला पन येत नाय."

मग उठून तिने चहा टाकला. तो चहा त्याने प्यायला, हेही सांगितलं पाहिजे.

शनिवारी रीळ फिरवून पाहिल्यावर साहेब आपला अंगठा बघत उभे होते. काही झालं नव्हतं. साधं खरचटलंही नव्हतं. तरी त्यांनी तो दोनदा चोळला. नंदकुमार म्हणाला, लक्ष देऊन फिरवलं तर काही होत नाही, साहेब. टोमणा म्हणून नाही. कारखान्यात सगळेच असं बोलायचे, ते वाक्य तोंडात बसलं होतं.

"येडा झाला का तू? मासा लागल्यावर माणसाचं लक्ष हाताकडे राहतं का?" साहेब म्हणाले. "आधी इथे जाळीबिळी काहीतरी बसव. अंगठा गेला म्हणजे?"

पाच नंबरच्या प्रेसखालच्या भंगारातून नंदकुमारने पत्र्याचा तुकडा उचलला. कापला, वाकवला, जाळीसारखी भोकं पाडली, दोन स्क्रू आवळले. कामाला लागलेला वेळ जॉबकार्डावर भरायच्या सवयीने घड्याळ पाहिलं. साहेबांनी पुन्हा हँडल फिरवलं. वेग तेवढाच होता. खूश होऊन ते म्हणाले, मंगळवारी माझ्याच गाडीतून चल.

तो त्यांच्याच गाडीतून गेला. ठाण्यापर्यंत साहेब जिताड्याबद्दल बोलत होते. साडेसहा किलोचा. खांबाला शिवायच्या आत वर घेतला. पहिला नंबर.

कोर्टात साहेबांनी शपथेवर सांगितलं की त्या प्रेसला जाळी बसवणं शक्यच नव्हतं, आणि बाईंचं कामात लक्ष नव्हतं. मग नंदकुमार उभा राहिला. पुतळा मागच्या बाकावर, उजवा हात पदराखाली. पुली पहिल्यापासून तीच होती ना, असं कंपनीच्या वकिलाने कागदातून मान न काढता विचारलं.

"नाही," नंदकुमार म्हणाला. "मी बदलली. साहेबांनी सांगितलं म्हणून."

वकिलाने आता मान वर काढली. साहेब अर्धवट उठले आणि बसले. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. जाळी बसवायची झाली तर किती वेळ काम थांबलं असतं, असं त्यांनी स्वतःच विचारलं.

"प्रेसला कधी बसवूनच दिली नाही," नंदकुमार म्हणाला. "शनिवारी साहेबांच्या अंगठ्याला बसवली, तिला वीस मिनिटं लागली."