भिंतींचा दाखला

वृंदा आणि हेमंतने दोघांच्या नावावरचा फ्लॅट विकायला काढला होता. सोसायटीचं ना-हरकत पत्र आलं होतं, शेअर सर्टिफिकेट कपाटात सापडलं होतं. राहिला होता फक्त भिंतींचा दाखला. घरात काही वाईटसाईट घडलंय का ते गिऱ्हाइकाला कळावं, म्हणून भिंतींनी ऐकलेलं सगळं दोन्ही मालकांसमोर वाजवून बघायचं, असा आता कायदाच होता.

म्हणून तर वृंदाने घाईघाईने सगळं घर रंगवून घेतलं होतं.

"रंग दिलात ते बरं केलंत, वहिनी," स्वयंपाकघराच्या भिंतीला यंत्र लावत तपासनीस म्हणाला. "वर कोट बसला की खालचा आवाज पक्का होतो."

वृंदाने चहा घेत बसलेल्या हेमंतकडे पाहिलं. नवरा अंघोळीला गेला की याच भिंतीकडे तोंड करून ती बहिणीशी फोनवर बोलायची.

यंत्रातून आधी कुकरची शिट्टी आली. मग तिचीच कुजबुज. "विक्रीचे पैसे हातात पडले की मी निघते, ताई. हेमंतला आधी कळलं, तर तो मला जिवंत ठेवणार नाही."

तपासनिसाने गडबडून बटणाकडे हात नेला.

"राहू द्या," चहाचा कप खाली ठेवत हेमंत शांतपणे म्हणाला. "आवाज जरा वाढवा."