जुनं द्या, नवं न्या

सगळ्या चिक्कडपल्लीत त्रिवेणीला कुत्र्यांचा डॉक्टर सापडेना. जो तो म्हशींच्या सरकारी दवाखान्याकडे बोट दाखवी. शेवटी हिमायतनगरात एक भेटला. तिच्या राणीचं पोट चाचपून तो म्हणाला, "कुत्रीच्या गर्भपिशवीत पू झालाय, अम्मा. आजच ऑपरेशन केलं तर वाचेल."

घरी तिचे यजमान हिम्मतराव नव्या रंगीत टीव्हीसमोर बसले होते. जुना देऊन कालच आणलेला. ऑपरेशनचा खर्च ऐकून ते हसलेच.

"येडी झालीस का? एवढ्या पैशांत नवं पिल्लू येतंय की! जुन्याच्या दुरुस्तीत कोण पैसे घालतं आता?"

त्रिवेणीच्या अंगाचा तिळपापड झाला. राणीला कडेवर घेऊन ती तरातरा दारापर्यंत गेली आणि गर्रकन वळली. हिम्मतरावांच्या वारलेल्या पहिल्या बायकोची प्रतिमा उठवलेला चांदीचा टाक सासूने लग्नातच तिच्या मंगळसूत्रात ओवला होता. तो तिने मुठीत आवळून त्यांच्यासमोर धरला.

"हिच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले होते हो? वाचेल, असंच ना?"

हिम्मतरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला.