बरी आहे

कंपनीच्या वकिलांनी मोबाइल टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. ग्राहक आयोगाच्या खोलीत चंद्रभागाबाईंचाच आवाज घुमला, "बरी आहे हो. आपण कसे आहात?"

ऑपरेशननंतर कंपनीकडून चौकशीचे फोन यायचे, त्यातला हा एक, रेकॉर्ड केलेला. त्यांनी दुसरा लावला, मग तिसरा. प्रत्येकात बाई आपल्या बऱ्याच.

"पेशंटच मजेत म्हटल्यावर आमचा सांधा बिचारा काय करणार?" वकील म्हणाले. मागे कुणीतरी हसलं.

पूर्णिमाच्या अंगाचा तिळपापड झाला. आईच्या खुब्यात बसवलेला तो धातूचा सांधा आतल्या आत झिजत होता. त्याचा कीस रक्तात उतरलाय, हे तपासणीत निघालं होतं. पण त्रास कधीपासून आणि किती, हे आईनंच सांगायला हवं होतं. नाहीतर भरपाई विसरा आणि सांधा बदलायचं ऑपरेशनही विसरा, असं त्यांच्या वकील अपूर्वानं बजावलं होतं. आठवडाभर पूर्णिमानं आईची शाळा घेतली होती. 'बरी आहे' म्हणायचं नाही. दुखतं म्हणायचं.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "आजी, ते फोन राहू द्या. आज कशा आहात?"

चंद्रभागाबाईंचा हात खुब्यावर दाबलेला होता. कपाळावर घाम होता. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"बरी आहे."

अपूर्वानं कपाळाला हात लावला. पूर्णिमाला रडू फुटायचंच बाकी राहिलं. "आई, अगं खरं सांग ना!"

"खरंच बरी आहे गं. तू नको जिवाला लावून घेऊस. चांगलाच निवडलास तू सांधा."

पूर्णिमा जागच्या जागी थिजली. डॉक्टरांनी दोन प्रकारचे सांधे दाखवले होते. 'धातूचाच बसवा, आईला जन्मभर पुरेल,' असं तिनंच हट्टानं सांगितलं होतं. आणि ते फोन? तेही तिच्याच नंबरवर यायचे. स्पीकर लावून ती मोबाइल आईपुढे धरायची आणि उत्तर येईपर्यंत तिथंच उभी राहायची. इतकी वर्षं आई तिच्यासाठी बरी होती.

पूर्णिमा उठली. "मॅडम, मी बाहेर थांबते." जाता जाता तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. दार ओढून घेतलं. सरकारी दार ते, नीट लागेल तर शपथ.

बाहेरच्या बाकावर ती टेकते न टेकते तोच आतून हुंदका ऐकू आला. आईला रडताना तिनं कधी ऐकलंच नव्हतं.

"दुखतं हो," आई सांगत होती. "पहिल्या दिवसापासून दुखतं. फक्त तिला नका सांगू."