इंजिनाच्या आवाजाखाली

देवदत्तनं आश्लेषाला दंडाला धरून गॅरेजमध्ये ओढलं. धूर बाहेर जावा म्हणून दार अर्धं वर केलं आणि नेहमीसारखी आधी जुन्या मस्टँग गाडीला चावी लावली. त्या इंजिनाच्या गडगडाटात बायकोचं ओरडणं बुडून जातं, हे त्याला केव्हाच कळलं होतं. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधले शेजारी तर कौतुकच करायचे, ट्यूनिंग करावं तर देवदत्तनं.

आज इंजिन नुसतंच फिरलं, पेटलं नाही.

"काल तर मस्त चालत होती यार," तो पुटपुटला. पुन्हा चावी फिरवली, पुन्हा तेच. मग त्यानं हाताशी होता तो पाना उचलला आणि गाडीचाही राग तिच्यावर काढला. तिचा ओठ फुटला, खांदा ठणकला. ती जिवाच्या आकांतानं ओरडली.

अर्ध्या दाराखालून वाकून शेजारचे मोरेश्वरकाका आत आले.

"काही नाही काका, गाडी स्टार्ट होत नाहीये."

काकांनी तिच्या ओठावरचं रक्त पाहिलं. "रोज कशासाठी स्टार्ट करतोस, ते कळलं आता. पाना खाली ठेव." त्यांनी पोलिसांना फोन लावला.

दुपारी लेकीला प्रतिमामावशीकडे थोपटून झोपवून आल्यावर आश्लेषानंच बॉनेट उघडलं होतं. ज्याच्यावाचून ठिणगीच पडत नाही, तो इंजिनातला बोटाएवढा रोटर तिनं काढून ठेवला होता. आज जास्त मार बसणार, हे माहीत असूनही.