टाचा खाली

विमान उतरताना चाकं टेकताच आपोआप ब्रेक मारणारा ऑटोब्रेक लावलेला असला, तरी पायलटने पायाने ब्रेक दाबला की तो सुटतो. कॅप्टनचा तो सलग चौथ्यांदा सुटला होता, आणि साहेबांना समजावून समजावून त्याच्या तोंडाला फेस आला होता.

“पायानेच ब्रेक मारायचा, तर ऑटोब्रेक लावता कशाला?”

“अहो, माझ्या टाचा खाली होत्या! टाच उचलून पाय पेडलच्या वरच्या टोकाला नेल्याशिवाय ब्रेक दाबलाच जात नाही!”

“मग काय माझ्या होत्या पेडलवर?”

इंजिनियरने दोनदा पेडल तपासून हात वर केले होते. सहकारी तर त्याला तोंडावर ‘उतावळे काका’ म्हणू लागले होते.

पाचव्या खेपेला कॅप्टन इरेला पेटला. “तुझे पाय मागे घे,” त्याने को-पायलटला बजावलं, “आणि चाकं टेकली की माझ्या पायांकडे बघ.”

चाकं टेकली. ऑटोब्रेक लागला, आणि लगेच तो सुटल्याचा दिवा पेटला. विमानाचा वेग मात्र कुणीतरी ब्रेक दाबून धरल्यासारखा उतरतच राहिला.

“सर, टाचा खालीच आहेत तुमच्या,” को-पायलट पुटपुटला.

“सांग आता त्या साहेबांना!” कॅप्टन खेकसला, आणि वैतागून त्याने पाय वर सरकवून ब्रेकवर ठेवला.

बुटाखाली पेडल लागलंच नाही. तिथे आधीच कुणाचा तरी अनवाणी पाय होता, आणि तो हटायला तयार नव्हता.