पन्नास फुटांवरची खात्री

गोदामाचं छत पन्नास फूट उंच. मालकांनी तिथंही आग लागल्यावर आपोआप पाणी फवारणारे, ऑफिसात लावतात तेच स्प्रिंकलर बसवले.

"निवड चुकली. आगीची धग एवढ्या वर पोचून यांची काचेची कुपी फुटेपर्यंत खाली कामगार होरपळतील," तपासणीला आलेल्या इंजिनिअर बाई म्हणाल्या.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" म्हणत मालकांनी शिडी मागवली आणि सुपरवायझरला मेणबत्ती देऊन वर चढवलं. त्यानं ज्योत स्प्रिंकलरला लावली, तसं धो धो पाणी सुटलं. मालकांनी भिजत टाळ्या वाजवल्या.

बाईंनी चष्मा पुसला. "वा! आता आग लागली की तिलाही असंच शिडीवरून वर चढवा."

मालकांना ते पटलं. दुसऱ्या दिवशी शिडीला लाल रंग लागला आणि पाटीही: "फक्त आगीसाठी. कामगारांनी वापरू नये."