साबणाच्या वासाचा माणूस

केमो सुरू झाल्यापासून मेकॅनिकच्या बायकोला डिझेलचा वास सहन होत नव्हता. नुसती झुळूक आली तरी ती बादलीवर ओणवी व्हायची. म्हणून तो रोज गॅरेजमध्येच तीनदा साबण लावून हातपाय धुवायचा, जिन्यात शर्ट बदलायचा आणि मगच घरात शिरायचा. आज मात्र तीन रात्रींच्या जागरणाने त्याचं अंग आंबून गेलं होतं. तो तसाच आत आला आणि तिच्या पलंगाच्या कडेला मटकन बसला. तिच्या नाकपुड्या हलल्या, तेव्हा कुठे त्याचं लक्ष आपल्या तेलकट बाहीकडे गेलं. "डोकंच चालत नाही बघ माझं!" म्हणत त्याने बादली पुढे केली. तिला उमासा आला, पण तिने त्याची बाही घट्ट धरली. "बसा हो. चार महिने घरात साबणाच्या वासाचा कुणीतरी परका माणूस येतोय," ती म्हणाली. "तुम्ही आज आलात."